संस्कार नेमके होतात कसे? वागत वागत घडणाऱ्या माणसाची गोष्ट

२०२५ च्या फेब्रुवारीत भाषेवरून बसच्या कर्मचाऱ्यांना मारहाणीचे प्रकार घडले आणि महाराष्ट्र-कर्नाटक अशा धावणाऱ्या बसगाड्या काही दिवस बंद राहिल्या. त्या दिवसांत बेळगावात चहाच्या कुठल्याही गाड्यावर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडायचं: ‘त्यांच्यावर संस्कारच नाहीत.’ मराठी माणूस कानडी माणसाबद्दल ते म्हणत होता आणि कानडी माणूस मराठी माणसाबद्दल.

तीच माणसं घरी गेली आणि घरातल्याच कुणी रागाच्या भरात जेवणाचं ताट भिरकावलं, तर काय म्हणतात? ‘त्याचा स्वभावच तसला हाय. स्वभावाला औषध नाही.’

दोन्ही वाक्यं आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही हे लक्षातच येत नाही. पहिल्या वाक्यात चांगुलपणा म्हणजे लहानपणी आईवडिलांनी चाटवायची गुटी. दुसऱ्यात तो जन्माबरोबर येतो. आला तर आला, नाही तर नाही. आणि दोन्हींमधून एक गोष्ट निसटून जाते: तो माणूस स्वतः रोज काय करतो. मला या लेखात त्याबद्दलच बोलायचं आहे. माणसाचं शील त्याच्या करण्यातून घडतं, हा विचार भारतातही फार जुना आहे आणि ग्रीसमध्येही. अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी त्यातले काही भाग तपासूनही पाहिले आहेत. तरी त्याबद्दल शंका खूप असतात, आणि त्यातल्या बऱ्याच शंका रास्त आहेत.

## चारित्र्य, वळण, संस्कार

सुरुवात शब्दांपासून करू, कारण आपल्या भाषेनं ही गोष्ट आधीच ओळखून ठेवली आहे. ‘चारित्र्य’ हा शब्द ‘चर्’ या धातूवरून आला. चर् म्हणजे चालणं, फिरणं, वागणं. चारित्र्य म्हणजे माणसाची चाल. ‘वळण’ हा शब्द पाहा. मुलाला चांगलं वळण लावलं म्हणतो, अक्षराला वळण आहे म्हणतो. शाळेत पाटीवर ‘अ’ गिरवताना बाईंनी हात धरला, पुढं वह्याच्या वह्या भरल्या, आणि एक दिवस हात आपोआप वळायला लागला. त्यालाच आपण ‘अंगवळणी पडलं’ म्हणतो. अंगवळणी पडलेल्या कामासाठी दर वेळी मनाची समजूत घालावी लागत नाही.

‘संस्कार’ हा शब्द तर मुळात याच विचारासाठी घडलेला वाटावा असा आहे. योगशास्त्रात संस्कार म्हणजे प्रत्येक कृतीचा, प्रत्येक अनुभवाचा मनावर उमटलेला ठसा. तो ठसा माणसाला पुन्हा तशाच कृतीकडे ओढतो, ती कृती ठसा आणखी खोल करते, आणि हे चक्र चालू राहतं. आयुर्वेदात चरकांनी संस्काराचा अर्थ सांगितला आहे तो म्हणजे पदार्थात नवा गुण आणणं. बेळगावच्या माणसाला हे कळायला कुंदा पुरे. दूध आणि साखर मंद आचेवर ठेवायची आणि ढवळत राहायचं. आटत आटत पांढरं दूध तपकिरी आणि दाणेदार होतं, त्याला दुधात कधीच नसलेली चव येते. मध्येच हात थांबला तर बुडाला लागतं.

हे पाहिलं की ‘त्याच्यावर संस्कार नाहीत’ हे वाक्य चुकीचं ठरतं. संस्कार नसलेला माणूस कुठं सापडणारच नाही. त्याच्यावर संस्कार आहेतच, तो जे करत आला त्याचेच आहेत. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकराजाला हेच सांगतात: माणूस जसं करतो, जसा वागतो, तसा तो होतो.

## ताणा आणि बाणा

माझं बालपण वडगावात गेलं. शहापूर-वडगाव हा बेळगावातला विणकरांचा भाग, आणि आमच्या गल्लीत पहाटेपासून मागांचा खडखडाट असायचा. आमच्या आप्पांचा हातमाग होता. मागावर दोन प्रकारचं सूत असतं. उभं सूत म्हणजे ताणा. तो आधीच ताणून बांधलेला असतो. त्याचा रंग, लांबी, तारांची संख्या विणकर विणायला बसण्याआधीच ठरलेली असते. आडवं सूत म्हणजे बाणा. धोटा या बाजूनं त्या बाजूला गेला की बाण्याची एक तार पडते, फणी तिला ठोकून बसवते, मग धोटा परत येतो. साडी होते ती या एकेका फेरीतून.

जन्मानं मिळालेला स्वभाव हा ताणा आहे. कुणी मुळात तापट असतो, कुणी भित्रा, कुणी हळवा. एकाच आईच्या दोन लेकरांत पाळण्यातच फरक दिसतो, तेव्हा ‘सगळं सवयीवर आहे’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरची परिस्थिती, आईबापांचं वागणं, गल्ली, जात, पैसा हेही पुष्कळसं ताण्यातच आलं. ते कुणी निवडून घेत नाही. पण ताण्याला कुणी साडी म्हणत नाही. त्यावर बाणा कसा पडतो यावर कापड दाट होतं की विरळ, हे ठरतं.

एक प्रसंग सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आप्पा जेवायला उठले होते आणि मी मागावर बसलो होतो. ताण्याची एक तार तुटली. थांबायचं, टोकं शोधायची, गाठ मारायची, तार पुन्हा फणीतून ओवायची, हे सगळं मला येत होतं. कंटाळा केला आणि तसंच विणत राहिलो. आप्पा आले तेव्हा वीतभर कापड पुढं गेलं होतं. मी म्हणालो, ‘एकच तार हाय आप्पा, कोण बघतंय?’ ते ओरडले नाहीत, हे मला अजून आठवतं, कारण त्यांचा राग गल्लीत प्रसिद्ध होता. त्यांनी माझं बोट धरून कापडावरून फिरवलं. तार तुटल्या जागेपासून खाली केसाएवढी उभी रेघ गेली होती. ‘तू थांबला न्हाईस तवापासनं ही हाय,’ एवढंच म्हणाले, आणि माझं वीतभर विणकाम उसवायला बसले.

तार तुटणं हा काही माझा दोष नव्हता. सूत कच्चं असतं, हवा कोरडी असते, तारा तुटतात. थांबलो नाही, हे मात्र मी केलं होतं.

## एकदा खरं बोललं की माणूस खरा झाला का?

इथं पहिली शंका येते. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलनं (इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२) हा विषय सर्वांत नीट मांडला, आणि ही शंकाही त्यानंच स्वतःहून घेतली. त्याचं म्हणणं असं: डोळे आणि कान आपल्याला आधी मिळतात, मग आपण पाहतो-ऐकतो. सद्गुणांचं उलट आहे. तिथं आधी करावं लागतं, मग ते मिळतात. घरं बांधत बांधत माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवत वाजवत वादक होतो, तसाच न्यायानं वागत वागत न्यायी होतो.

पण मग न्यायानं वागला म्हणजे तो आधीच न्यायी असला पाहिजे ना? ॲरिस्टॉटल म्हणतो, नाही. एखादं मूल दुसऱ्यानं सांगितलं म्हणून किंवा योगायोगानंही शुद्ध शब्द लिहील. त्यावरून त्याला व्याकरण आलं असं होत नाही. कृती सद्गुणातून आली असं म्हणायला त्यानं तीन अटी घातल्या. माणसाला आपण काय करतोय हे कळलेलं असावं. ती कृती त्यानं तिच्याचसाठी निवडलेली असावी, फायद्यासाठी किंवा भीतीपोटी नव्हे. आणि ती पक्क्या, न डळमळणाऱ्या वृत्तीतून आलेली असावी. यावरून सद्गुण या शब्दाची सोपी व्याख्या करता येते: चांगलं वागण्याची अंगात मुरलेली तयारी. एखादं चांगलं कृत्य म्हणजे सद्गुण नव्हे.

गणपत गल्लीतल्या एखाद्या दुकानात बसलेला नवा पोऱ्या डोळ्यांपुढं आणा. गिऱ्हाइकानं चुकून पाचशेची एक नोट जास्त दिली. पहिल्या वेळी तो परत करतो कारण वर कॅमेरा आहे. पुढच्या वेळी मालक बघतोय म्हणून करतो. मग कधीतरी गिऱ्हाईक म्हातारी बाई असते, तिचा चेहरा खुलतो, आणि याला बरं वाटतं. वर्षा-दोन वर्षांनी नोट जास्त आलीय हे दिसताच त्याचा हात परत पुढं जातो, मध्ये काही विचारच येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पहिली नोट आणि शेवटची नोट सारखीच परत गेली. आत मात्र तो मुलगा पार बदलला. ॲरिस्टॉटलनं याची एक खूणही सांगून ठेवली आहे: चांगली गोष्ट करताना माणसाला आनंद होतो की तो चडफडतो, यावरून त्याची वृत्ती किती मुरली ते कळतं.

धैर्याचं उदाहरण शोधायला बेळगावकराला लांब जावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. कॅम्पातून पहाटे जाताना पळणाऱ्या पोरांच्या बुटांचा ठेका ऐकू येतो. खेड्यापाड्यांतून आलेली ही अठरा-वीस वर्षांची पोरं पहिल्या आठवड्यात भेदरलेली असतात. त्यांना धैर्याची व्याख्या पाठ करायला लावून चालत नाही. दोर चढ, खंदक ओलांड, रात्री चाल, उद्या पुन्हा. भीती जाते असं नाही. भीती असताना काय करायचं हे हातापायांना माहीत होतं.

## हेच चक्र उलटंही फिरतं

हा भाग लिहायला मला जड जातंय, पण तो गाळला तर लेख खोटा होईल. तरुणपणी एका संस्थेत मी हिशेब लिहायला होतो. प्रवासखर्चाच्या पावत्यांवर शंभर-दीडशे रुपये चढवून लिहायचे आणि वरची रक्कम वाटून घ्यायची, असा तिथला रिवाज होता. पहिल्या वेळी आकडा लिहिताना माझ्या हाताला घाम आला होता. त्या रात्री भाकरी घशाखाली उतरेना. दुसऱ्या वेळी घाम कमी. सहा महिन्यांनी मी दुसऱ्याशी गप्पा मारत मारत पावती चढवत होतो, आणि रक्कम शंभरावरून पाचशेवर कधी गेली ते मला सांगता येणार नाही. पैशाचं मला आज तितकं वाईट वाटत नाही. ते पुढं फेडले. माझ्या आतलं काहीतरी बोलायचं बंद झालं आणि ते बंद झाल्याचं मला कळलंही नाही, याची भीती अजून वाटते.

२०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एका प्रयोगात हेच पाहिलं. स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं सांगायची संधी मिळाली तेव्हा लोकांचं खोटं हळूहळू वाढत गेलं. त्याच वेळी त्यांच्या मेंदूतल्या, भावनांशी जोडलेल्या ‘अमिग्डाला’ नावाच्या बदामाएवढ्या भागाची हालचाल मंदावत गेली. ती जितकी मंदावली, तितकं पुढचं खोटं मोठं. ते वाचलं तेव्हा मला माझा तो न सुटलेला घाम आठवला.

म्हणून ‘एवढ्यानं काय होतंय’ हे वाक्य मला शिवीपेक्षा वाईट वाटतं. एवढ्यानं जे होतं ते पावतीवर होत नाही, लिहिणाऱ्यात होतं.

## मग किती दिवस करायचं?

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात. त्यावर फार विसंबू नका. त्याच लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांना रोजची एक साधी सवय निवडायला सांगितली होती: जेवणाबरोबर फळ खाणं, ठरल्या वेळी पाणी पिणं, पळायला जाणं, असं काहीतरी. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटली. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात विशेष फरक पडला नाही. एकदा चूक झाली की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून सोडून देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे सांगितलं.

अर्थात पाणी पिणं आणि प्रामाणिक राहणं एका मापाचं नाही. पाणी प्यायला मोह आडवा येत नाही.

## ‘पण हे तर नाटक झालं!’

सर्वांत दमदार आक्षेप हा आहे. मनात नसताना चांगलं वागायचं म्हणजे ढोंग. दरवर्षी वारीला जाणारा माणूस वजनात मारतो, हे आपण पाहिलेलं असतं. नुसत्या कृतीनं माणूस घडत असता तर तो कधीच संत झाला असता.

याचं उत्तर शोधायला बेळगावच्याच इतिहासात जाऊ. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात या एकाच ठिकाणी. तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. शंभरी झाली म्हणून २०२४ च्या डिसेंबरात मोठे कार्यक्रम झाले, पण त्या अधिवेशनातला एक चमत्कारिक वाटणारा निर्णय कुणी फारसा सांगितला नाही. तोवर चार आणे वर्गणी भरली की काँग्रेसचं सभासद होता येत असे. इथं ठरलं की सभासदानं पैशाऐवजी दरमहा २,००० वार सूत द्यायचं, शक्यतो स्वतः कातून. गांधीजींचा आग्रह होता की प्रत्येकानं रोज अर्धा तास तरी कातावं. वकील, जमीनदार, व्यापारी, सगळ्यांनी. बोलण्यानं देश घडणार नाही, रोज हातानं काहीतरी केलं तर माणसं बदलतील आणि मग देश, हा त्यामागचा विश्वास होता.

मात्र नियमात एक वाट ठेवलेली होती. आजारपण असेल, किंवा इच्छाच नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलं तितकंच सूत दिलं तरी चालेल. आता विचार करा. दोन सभासदांनी सुताच्या दोन गुंड्या दिल्या. एकानं दिवसाकाठी अर्धा तास चरख्यावर घालवला. त्याचा धागा तुटला, त्यानं तो जोडला, त्याची बोटं दुखली, आपलं कापड कुणाच्या किती श्रमातून येतं हे त्याला कळलं. दुसऱ्यानं नोकराला सांगितलं किंवा विकत आणलं. वजनकाट्यावर सूत सारखंच. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, पैशाची वर्गणी परत आली आणि कातण्याची सक्ती संपली.

म्हणून आक्षेप घेणाऱ्याला मी असं सांगेन. तुम्ही म्हणता ते विकतच्या सुताला लागू आहे. वारीला जाऊन वजनात मारणारा माणूस वारी दाखवण्यासाठी करत असेल, तर दाखवण्याची सवय त्याच्या अंगात मुरते आहे. कृतीनं तिचं काम चोख केलं आहे. पण ज्याला मनापासून बदलायचं आहे आणि अजून मन साथ देत नाही, त्यानं आधी हातानं सुरुवात करणं हे ढोंग नव्हे. पोहायला शिकणारा पहिले आठ दिवस हातपाय झाडतो, त्याला कुणी पोहण्याचं सोंग घेतलं म्हणत नाही. दोघांचं पाऊल सारखं दिसतं, पण एकाचं तोंड लोकांकडे असतं आणि दुसऱ्याचं कामाकडे. आपल्या शेजारच्या कानडी शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गातल्या संतांच्या, परंपरेतलं ‘कायकवे कैलास’ हे वचन इथल्या मराठी घरांतही माहीत आहे: काम हाच कैलास. त्यात काम कुणाला दाखवायचं, याचा उल्लेखच नाही.

## रागाचं काय करायचं?

पुन्हा त्या बंद पडलेल्या बसगाड्यांकडे येतो. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात राग आहे, आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस इथं एका गल्लीत राज्योत्सव म्हणून साजरा होतो आणि शेजारच्या गल्लीत काळा दिवस म्हणून पाळला जातो. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. हे दुःख खोटं आहे असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

पण सद्गुणांच्या शास्त्रात रागाबद्दल एक फार उपयोगी गोष्ट सांगितलेली आहे. राग येणं हा दुर्गुण नाही. अन्याय पाहून ज्याला कधीच राग येत नाही, त्यालाही ॲरिस्टॉटल चांगला म्हणत नाही. तो म्हणतो, योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तेवढं आणि योग्य रीतीनं रागावणं, हे कठीण आहे. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो: भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य, तसंच शामळूपणा आणि संताप यांच्या मध्ये हा रास्त राग.

बसचा वाहक हा योग्य माणूस आहे का? तो खानापूरचा किंवा गोकाकचा एक पगारी माणूस, सकाळी सहाला घरातून निघालेला. सीमेची रेघ त्यानं आखली नाही. त्याच्यावर ओरडणाऱ्याला एक क्षण मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि तिथंच सगळं गणित आहे. ओरडण्यानं राग बाहेर पडून संपतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण त्या वेळी रागावण्याचा सराव करत असतो, आणि जे सरावानं येतं ते घरीही येतं. बसमध्ये परक्यावर उठलेला हात मुलांवर उठायला वेळ लागत नाही. हे कानडी भाषकांनाही तंतोतंत लागू आहे.

याच भागानं रास्त रागाचं उदाहरणही घालून दिलं आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले. तीन आठवडे हजारो माणसं रस्त्यावर, घरून आलेली भाकरी खात, उन्हात, बायका-पोरांसह. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. ती माणसं रागावलेली होतीच. पण तीन आठवडे रोज सकाळी उठून राग जागच्या जागी धरून ठेवणं, वाटेतल्या ट्रकवाल्यावर तो न काढणं, हा केवढा मोठा सराव आहे! मराठी-कानडी दोन्ही बोलणारे शेतकरी त्यात शेजारी शेजारी बसले होते.

## परिस्थितीपुढं कुणाचं काय चालतं?

शेवटचा आक्षेप विद्वानांचा आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. ते म्हणतात, शील वगैरे काही नसतं. माणूस परिस्थितीप्रमाणं वागतो. त्यांचा आवडता पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला प्रयोग. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे, यानं लक्षणीय फरक पडला नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायला हव्यात. पहिली, चांगुलपणावर व्याख्यान तयार करणं म्हणजे चांगुलपणाचा सराव नव्हे. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मुलं ‘सत्य’ या विषयावर निबंध लिहितात आणि पुढच्या तासाला एकमेकांची वही उतरवतात, तेव्हा आपण मुलांना नावं ठेवतो. त्यांना सराव कशाचा मिळाला? निबंधाचा. त्याऐवजी मधल्या सुट्टीत भांडण झालं तर ते दोघांनी बसून मिटवायचं, हरवलेली पेन्सिल सापडली तर ठरलेल्या डब्यात टाकायची, भात वाढताना शेवटच्या मुलाला पुरेल का ते बघायचं, असं रोज घडलं तर त्याचा ठसा उमटेल.

दुसरी गोष्ट, घाईत ढकललेल्या माणसाला दुष्ट म्हणायची घाई आपणही करू नये. ज्या दवाखान्यात एका परिचारिकेला तिघींचं काम आहे, तिथं ती रुग्णाशी तुसडेपणानं बोलते. रोज बोलत राहिली की तो तिचा स्वभाव होतो. तिला दया शिकवण्याआधी तिच्या जोडीला दोघी द्या. माणसं कशी घडावीत याची चिंता असणाऱ्यांनी कामाचे तास, रांगा, पगार, वर्गातली मुलांची संख्या यांवरही बोललं पाहिजे. सूत कच्चं देऊन विणकराला दोष देता येत नाही.

तरी त्या घाईतल्या दहा टक्क्यांकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. उशीर झालेला असतानाही त्या दहांपैकी एक जण थांबलाच. त्याच्या आयुष्यात आधी काय काय घडलं होतं हे प्रयोगानं विचारलं नाही. मला वाटतं, तो याआधीही कुठंतरी थांबला असेल.

## वय झाल्यावर जमतं का?

ताट भिरकावणारे म्हणून सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला, ते आमचे आप्पाच. मागावर ते किती शांत असत हे वर सांगितलं, पण जेवणाच्या पाटावर तेच हात आवरत नसत. आमटीत मीठ कमी पडलं तरी आई थरथरायची. गल्लीतली सगळी म्हणायची, स्वभावाला औषध नाही.

त्यांना पासष्टावं लागलं तेव्हा माझा मुलगा रांगत होता. एकदा ताट आपटल्यावर तो इतका दचकला की रडायलाही विसरला. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली, कुणाला न सांगता. राग आला की पाटावरून उठायचं, मागच्या दारी नळावर जायचं, पाय धुवायचे आणि परत येऊन बसायचं. सुरुवातीला ते पाय धुवूनही येऊन बोलायचेच. कधी नळापर्यंत पोचायच्या आधीच स्फोट व्हायचा. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी आई ताटं मांडताना मोकळेपणानं बोलायला लागली. केव्हापासून, ते तिलाही सांगता आलं नाही.

शेवटच्या काही वर्षांत माझा मुलगा त्यांच्या शेजारी जेवायला बसायचा. कधी एखादा घास तोंडात घेतल्यावर आप्पा थांबायचे आणि उठून मागच्या दारी जायचे. चेहऱ्यावर रागाची एक रेघही नसायची. पोरगा विचारायचा, ‘आज्जा, पाय तर स्वच्छ हायत की, मग धुतोस कशाला?’

‘ऱ्हाऊ दे,’ ते म्हणायचे, ‘सवय हाय,’ आणि नळ सोडायचे.